पुढे पाहा
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



गोंदिया तालुक्यातल्या दवनीवाड्यात माझं झेरॉक्सचं छोटं दुकान आहे. सातबाऱ्याच्या प्रती, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिकेचा मजकूर अशी कामं तिथे चालतात. मी बी.ए. झालो, मराठीत कविता लिहितो. कॉम्प्युटरशी माझा संबंध फॉर्म भरण्यापुरता. तेव्हा सॉफ्टवेअरच्या पुस्तिकेतल्या चुका कशा दुरुस्त करतात, यावर मी बोलणार आहे असं कळलं तर आमच्या गावातली माणसं हसतील. हसू द्या. गेल्या पावसाळ्यात या कामानं माझ्या घरात जे घडवलं, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझी धाकटी मुलगी बी.सी.ए. झाली आहे. पुढचं शिकायला रोज गोंदियाला क्लासला जायचं, तर जाण्यायेण्यातच अर्धा दिवस जाणार, आणि फी वेगळी. म्हणून ती दुकानाच्या मागच्या खोलीत बसून इंटरनेटवरच्या मोफत पुस्तिकांवरून शिकते. या पुस्तिका इंग्रजीत असतात. पायरी पहिली, पायरी दुसरी अशा क्रमानं शिकवत जातात. त्यांना ट्युटोरियल म्हणतात.

पावसात एकदा सलग तीन दिवस ती त्या खोलीतून फारशी बाहेरच आली नाही. चौथ्या दिवशी जेवताना म्हणाली, "अब्बा, मला हे जमणारं नाही. मी आता दुकानच सांभाळते."

मी विचारलं, "काय जमत नाही, तेवढं तर सांग."

तिनं पडद्यावर तिसरी पायरी दाखवली. तिथे एका वाक्याचा अर्थ असा होता, की ही कल्पना आपण आधी पाहिलेलीच आहे, आठवत नसेल तर इथे पाहा. 'इथे' हा शब्द निळा होता. त्यावर बोट ठेवलं, की नवं पान उघडे आणि त्यावर लिहिलेलं असे, हे पान सापडत नाही. मुलीनं पहिल्या दोन पायऱ्या सात-आठ वेळा वाचल्या होत्या. त्यांत ती कल्पना कुठेच नव्हती. पुस्तिका तर म्हणत होती, आधी पाहिलेलीच आहे. मग तिनं ठरवून टाकलं, की सगळ्या जगाला दिसलेली गोष्ट आपल्यालाच दिसत नाही.

शहरातल्या मुलीनं शेजारच्या टेबलावर विचारलं असतं, "अगं, हे कुठे आहे?" आणि शेजारीण म्हणाली असती, "सोड ते, ती लिंक तुटलेली आहे." दवनीवाड्यात शेजारी टेबलच नाही. चूक पुस्तिकेची होती आणि शिक्षा माझी मुलगी स्वतःला देत होती.

ती शिकत होती त्या विषयाला बिल्ड सिस्टिम म्हणतात. हे काय असतं, ते मी तिच्याकडूनच समजून घेतलं, आणि मला ते धानाच्या शेतीवरून समजलं. मृगात पऱ्हे टाकायचे, तीन-चार आठवड्यांनी रोवणी, मग निंदण, कापणी, मळणी, शेवटी राइस मिल. पऱ्ह्यांच्या आधी रोवणी होत नाही आणि मळणीच्या आधी मिल नाही. मोठा प्रोग्रामही असाच शेकडो तुकड्यांचा असतो. माणसानं लिहिलेला तुकडा यंत्राच्या भाषेत उतरवायचा, मग सगळे तुकडे जोडायचे. कोणतं काम कशाच्या आधी, हे एका फाइलमध्ये लिहून ठेवलेलं असतं आणि बिल्ड सिस्टिम त्याप्रमाणे कामं उरकते. तिची खरी हुशारी पुढेच आहे. एका बांधीतले पऱ्हे कुजले, तर आपण तेवढीच बांधी पुन्हा रोवतो, साऱ्या शेताला हात लावत नाही. तीही जो तुकडा बदलला असेल तेवढाच आणि त्यावर अवलंबून असलेलंच पुन्हा घडवते.

या जातीचं पहिलं गाजलेलं साधन म्हणजे 'मेक'. १९७६ साली अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी ते लिहिलं. त्यामागे एक गोष्ट आहे. स्टीव्ह जॉन्सन नावाचे त्यांचे सहकारी एक दिवस वैतागून त्यांच्या खोलीत आले. प्रोग्राममधली चूक त्यांनी आधीच दुरुस्त केली होती, पण तो तुकडा यंत्राच्या भाषेत नव्यानं उतरवायचा राहून गेला होता. त्यामुळे बरोबर असलेल्या प्रोग्राममध्ये चूक शोधण्यात त्यांची अख्खी सकाळ गेली. यावरून फेल्डमनना कल्पना सुचली, की मूळ तुकडा नवा आणि त्यापासून घडवलेला जुना असेल, तर ते यंत्रानंच ओळखावं. पुढे २००० च्या सुमारास किटवेअर या कंपनीत 'सीमेक' तयार झालं. वैद्यकीय चित्रांवर काम करणारा एक सॉफ्टवेअर संच निरनिराळ्या प्रकारच्या कॉम्प्युटरांवर घडवता यावा, ही त्यामागची गरज होती. माझी मुलगी शिकत होती ते साधन याच कुळातलं. तिच्या पुस्तिकेचं नाव मी घेत नाही, कारण हा दोष एकट्या त्या पुस्तिकेचा नाही.

बरोबर असलेल्या गोष्टीत स्वतःची चूक शोधत बसणं काय असतं, हे जॉन्सनना एका सकाळी कळलं. माझ्या मुलीचे त्यात तीन दिवस गेले.

मी तिला म्हटलं, "बेटा, तू दुकान सांभाळायचं नंतर ठरव. आधी या पुस्तिकेत असे 'पाहा' किती आहेत, ते मोजू." मी उधारीची एक कोरी वही काढली, तिच्यात तीन रकाने आखले. कुठून निघालो, कशासाठी निघालो आणि कुठे पोहोचलो. रात्री दुकान बंद झालं, की ती वाक्याचा अर्थ सांगायची आणि निळ्या शब्दावर बोट ठेवायची. मी वहीत लिहायचो. पावसात नेटवर्क जायचं, तेव्हा आम्ही चहा प्यायचो.

आठ रात्रींत त्रेचाळीस 'पाहा' झाले. त्यांतले पाच मेलेले होते, म्हणजे पानच सापडत नव्हतं. सात वेगळ्याच तऱ्हेचे होते. ते जिवंत होते, पान उघडत होतं, पण भलतंच. सांगितलं होतं, नियम कसा लिहायचा ते पाहा, आणि पोहोचवलं होतं साधन कॉम्प्युटरवर कसं बसवायचं त्या पानावर. हे सात मला जास्त वाईट वाटले. मेलेला दुवा निदान सांगतो, की पुढे रस्ता नाही. भलतीकडे नेणाऱ्या दुव्यावर माणूस अर्धा तास वाचत बसतो आणि शेवटी म्हणतो, मलाच समजत नाही.

असं का होतं? पुस्तिका लिहिणारे काही निष्काळजी नसतात. कोणीतरी नवी पायरी मध्ये घालतं, मग पूर्वीची पाचवी पायरी सहावी होते, पण दुसरीकडे 'पाचवी पायरी पाहा' तसंच राहतं. कोणी पानाचं नाव बदलतं. कोणी एका लांब पानाची दोन पानं करतं. ज्यानं बदल केला त्याला सगळं ठाऊक असल्यामुळे त्याला त्या दुव्याची गरजच पडत नाही. गरज पडते ती नवख्याला.

हे ऐकलं तेव्हा मला माझा पहिला कवितासंग्रह आठवला. छपाईच्या अगदी शेवटी एका ज्येष्ठांची प्रस्तावना आली. ती सुरुवातीला घातली, दोन पानं वाढली, आणि अनुक्रमणिका मात्र जुनीच छापली गेली. ती तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नव्हतं. एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं. त्यात लिहिलं होतं, "आईवरची कविता पान ४१ वर आहे असं आपण कळवलंत, तिथे सावकारावरची निघाली. ती वाचून मन खट्टू झालं. पुढे ४३ वर आई भेटल्या." ते कार्ड मी अजून जपून ठेवलं आहे.

त्या चुकीचं मूळ आणि पुस्तिकेतल्या चुकीचं मूळ एकच. मी आकडा हातानं लिहिला होता. कवितेचं नाव बदललं नव्हतं, फक्त तिची जागा सरकली होती. त्यावर कॉम्प्युटरवाल्यांनी जो उपाय काढला आहे, तो मला फार आवडला. २००८ मध्ये गेऑर्ग ब्रान्डल यांनी 'स्फिंक्स' नावाचं साधन आणलं. पायथन या संगणकभाषेची माहितीपुस्तिका तयार करण्यासाठी ते मुळात लिहिलं गेलं. त्यात लेखक पानाचा पत्ता किंवा आकडा लिहीत नाही, फक्त नाव लिहितो. अमुक नावाची गोष्ट जिथे असेल तिथे वाचकाला ने, एवढंच सांगतो. पुस्तिका तयार होताना यंत्र ते नाव सगळीकडे शोधतं आणि पत्ता स्वतः भरतं. मध्ये दहा पानं वाढली तरी बिघडत नाही. नाव सापडलंच नाही, तर यंत्र इशारा देतं. आणि कारभार कडक ठेवायचा असेल, तर असा एकही इशारा आला की पुस्तिका तयारच होऊ द्यायची नाही, असंही सांगून ठेवता येतं. म्हणजे बांधणी शिकवणाऱ्या पुस्तिकेचीही रीतसर बांधणी होते.

पण नावानं पत्ता सांगण्यातही अडचण असते, हे आपल्याकडच्या टपालखात्याला विचारा. एकाच नावाची गावं आपल्या देशात किती! त्यात पत्ता लिहिणाऱ्यांच्या लिप्या अनेक. यावर उपाय म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून सहा आकडी पिनकोड आला. तो ज्यांनी आखला, ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल-तार खात्यातले अधिकारी होते आणि संस्कृतातले कवी होते. पिनकोडचा पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपाल छाटणीचा जिल्हा ठरवतात, शेवटचे तीन पोस्ट ऑफिस. म्हणजे नुसतं नाव पुरत नाही, कोणत्या घरातलं ते नाव, हेही सांगावं लागतं. सीमेकची पुस्तिका स्फिंक्सनंच तयार होते. तिथे एखादं नाव लिहिताना ही आज्ञा आहे, की चल आहे, की गुणधर्म आहे, हे त्याच्यापाशी नोंदवतात. वेलणकरांनी टपालासाठी केलं, तेच हे.

असे निर्देश करणं ही काही कॉम्प्युटरनं आणलेली रीत नव्हे. आमच्या घरी आजोबांची एक जुनी उर्दू पोथी आहे. तिच्या पानाच्या तळाशी कोपऱ्यात एकच शब्द तिरका लिहिलेला असतो, आणि पुढच्या पानाची सुरुवात त्याच शब्दानं होते. अरबी-फारसी हस्तलिखितांतली ही फार जुनी पद्धत. तेव्हा पानांना आकडे घालायची सगळीकडे चाल नव्हती. पोथी सुटली, पानं विखुरली, तरी बांधणारा त्या शब्दावरून ती पुन्हा ओळीनं लावू शकायचा. आजोबांच्या पोथीत एका पानाचा तळचा शब्द पुढच्या पानाशी जुळत नाही. त्यावरून कळतं, की मधलं पान हरवलं आहे. तो एक शब्द नसता, तर काही हरवलं आहे हेही आम्हाला कळलं नसतं.

मराठीतही या कामाची मोठी परंपरा आहे. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म रायपूरचा, म्हणजे आमच्या गोंदियावरून जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचाच. त्यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले आणि त्यांतला एक अख्खा खंड सूचीला दिला. माणसाला हवं ते सापडावं म्हणून एक संपूर्ण खंड! पुढे वाईला मराठी विश्वकोश झाला. प्रमुख संपादक होते तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. त्याचा पहिला खंड १९७६ साली आला, 'मेक' जन्मलं त्याच वर्षी. या विश्वकोशात नोंदीच्या मध्ये बाणाची खूण करून दुसऱ्या नोंदीकडे बोट दाखवलेलं असतं आणि शेवटी 'पहा' म्हणून नावं असतात.

कॉलेजात असताना मी ग्रंथालयात विश्वकोश वाचायचो. एका नोंदीखालच्या 'पहा' पुढचा शब्द 'ह'नं सुरू होणारा होता. मी ग्रंथपालांकडे तो खंड मागितला. ते म्हणाले, "अहो, तो अजून छापलेला नाही." विसावा खंड पूर्ण झाला २०१५ साली. म्हणजे पहिल्या खंडातल्या वाचकाला ज्या पानाकडे पाठवलं, ते पान कधीकधी एकोणचाळीस वर्षांनी तयार झालं. मला तेव्हा रागच आला होता. आता त्या संपादकांबद्दल आदर वाटतो. पुढे कोणती नोंद येणार हे आधी ठरवल्याशिवाय असा निर्देश करता येत नाही, आणि एकदा केला की तो पाळावा लागतो. मधल्या काळात प्रमुख संपादक बदलले, पण वाचकाला दिलेला शब्द नव्या माणसांनी आपला मानला. आज तो विश्वकोश इंटरनेटवर आहे आणि 'ह'ची ती नोंद मी दवनीवाड्यात बसून वाचली.

इंटरनेटवर मात्र असा शब्द फार लवकर मोडतो. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. २०१३ साली इंटरनेटवर असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनंतर सापडत नव्हती. विकिपीडियाच्या ५४ टक्के पानांच्या संदर्भांत निदान एक तरी दुवा मेलेला होता. वेब ज्यांनी घडवलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ सालीच एक लेख लिहून बजावलं होतं, की पत्ते बदलू नका. बदलावेच लागले, तर जुन्या पत्त्यावर येणाऱ्याला नव्याकडे पाठवायची सोय ठेवता येते. घर बदललेल्या माणसाची पत्रं आपला पोस्टमन नव्या घरी नेऊन देतो, तीच ही रीत.

आमच्या वहीकडे परत येतो. यंत्र नाव शोधतं, इशारा देतं, हे मी सांगितलं. पण ते फक्त मेलेले पाच दुवे पकडू शकतं. जे सात भलतीकडे नेत होते, ते यंत्राच्या लेखी बरोबरच होते. नाव होतं, पान होतं, दुवा जुळत होता. वाचकाला तिथे हवं ते मिळालं का, हे यंत्राला कळत नाही. जाणकारालाही कळत नाही, कारण तो दुवा न दाबता पुढे जातो. ते कळायला काहीच ठाऊक नसलेला माणूस लागतो. तो मी होतो. मुलीनं अर्थ सांगितल्यावर मी विचारायचो, "पण आपण निघालो होतो कशासाठी?" माझ्या अज्ञानाचा एवढा सरळ उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

अशा पुस्तिका पुष्कळदा खुल्या असतात. कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो, सांभाळणारे लोक ती तपासतात. मुलीनं बाराही दुरुस्त्या एकदम पाठवल्या. उत्तर आलं, की कृपया वेगवेगळ्या पाठवा. मेलेल्यांचा एक गठ्ठा करा आणि भलत्या जागच्यांबद्दल प्रत्येकाचं कारण लिहा. तिला ते लागलं. मी म्हटलं, "हे तर संपादकाचं पत्र आहे. माझ्या कविता याहून कोरड्या शब्दांत परत आल्या आहेत." तिनं पुन्हा लिहिलं. जिथे आकडा होता, तिथे नाव घातलं. सातांपैकी दोन दुवे बरोबर आहेत, असं त्यांनी पटवून दिलं. आमचाच समज चुकला होता. उरलेल्या दहा दुरुस्त्या त्यांनी घेतल्या. शेवटी एका ओळीत आभार होते.

तिसऱ्या पायरीतला तो 'इथे' आता योग्य पानावर नेतो. ज्या कल्पनेसाठी मुलगी तीन दिवस रडकुंडीला आली होती, ती तिथे दहा ओळींत सांगितली आहे. तिला ती पाच मिनिटांत समजली.

यातून तिला नोकरी लागली, असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण तसं झालेलं नाही. ती अजून शिकते आहे, अर्ज करते आहे. बदललं ते एवढंच, की आता कुठे अडलं तर ती आधी दुवा तपासते, मग स्वतःला. आणि मुंबईच्या आयआयटीत सुरू झालेला 'स्पोकन ट्युटोरियल' हा उपक्रम आहे ना, ज्यात सॉफ्टवेअरचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात, ते ती गावातल्या दोन मुलींना दाखवते. एकट्यानं शिकणाऱ्यासाठीच ते बेतलेले आहेत. त्यांतही 'याआधीचा संबंधित पाठ पाहा' अशी सूचना येते. तेव्हा ती थांबते आणि म्हणते, "चला, आधी तो पाठ आहे का ते पाहू."

श्रोतेहो, आपण सगळेच कोणाला तरी कुठेतरी पाठवत असतो. अर्जावर लिहितो, 'सोबत जोडलेले परिशिष्ट पाहावे'. कचेरीत सांगतो, 'तीन नंबरच्या खिडकीवर जा'. माझ्या दुकानात येणारी म्हातारी माणसं अशा सूचनांचे कागद घेऊन येतात, आणि तीन नंबरची खिडकी कधीच बंद झालेली असते. ती माणसंही माझ्या मुलीसारखंच म्हणतात, "आम्हालाच कळत नाही, बाबू." आता मी त्यांना आधी विचारतो, तुम्हाला कोणी कुठे पाठवलं होतं? आणि शक्य असेल तर फोन करून खिडकी बदलल्याचं कागदावर लिहून देतो.

माझ्या त्या कवितासंग्रहाची दुसरी आवृत्ती निघायची आहे. अनुक्रमणिका मुलगी करणार आहे. तरीही कुठे पान चुकलं, तर कृपया कळवा. पोस्टकार्ड पुरेल.